वॉचमेन पुन्हा वाचताना: संथ मधले अंक, आणि त्या हूडेड जस्टिसचं झालं तरी काय?

खिडकीतला_वाचक

(स्पॉयलर अलर्ट! सगळं सांगून टाकणार आहे. वाचलं नसेल तर इथूनच मागे फिरा.)

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन' हे कॉमिक पहिल्यांदा वाचलं ते हॉस्टेलवर. बाराच्या बारा अंक एका जाड पुस्तकात बांधलेले, पुस्तक मित्राच्या मित्राचं, परवा सकाळी परत द्यायचं. दोन रात्रींत संपवलं. वाचलं म्हणण्यापेक्षा गिळलं. लक्षात काय राहिलं, तर कॉमेडियनला खिडकीतून कोणी फेकलं आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये काय झालं. बाकी सगळं धूसर.

या वेळी स्वतःला नियम घातला: दर रविवारी एकच अंक. कितीही हात शिवशिवले तरी पुढचं पान उलटायचं नाही. मूळ वाचकांना तर महिना महिना थांबावं लागत होतं. मुखपृष्ठावरच्या तारखा पाहिल्या तर पहिला अंक सप्टेंबर १९८६ चा आणि बारावा ऑक्टोबर १९८७ चा. बारा अंकांना चौदा महिने!

काल बारावा संपला. दोन तक्रारी आहेत.

पहिली, वेग. पहिले दोन अंक पळतात. खून झालाय, रोर्शाक (मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्यांपैकी एक) एकेकाच्या दारात जाऊन सांगतोय की कोणीतरी मुखवटेवाल्यांच्या मागावर आहे, ब्लेकचं (म्हणजे कॉमेडियनचं) दफन होतंय, प्रत्येकाला त्याची एकेक आठवण येतेय. मस्त. तिसऱ्यात अतिमानवी शक्तीचा डॉ. मॅनहॅटन पृथ्वी सोडून जातो आणि चौथ्यात गाडी यार्डात. अख्खा अंक एक निळा माणूस मंगळावर बसून जुना फोटो बघतोय. सहाव्यात मानसोपचारतज्ज्ञ रोर्शाकला शाईचे डाग दाखवतोय. सातव्यात डॅन आणि लॉरी हे निवृत्त मुखवटेवाले तळघरात धूळ झटकतायत. नवव्यात पुन्हा मंगळ, पुन्हा गप्पा. खुनाचा तपास बाहेर व्हरांड्यात ताटकळत बसलेला. सलग वाचताना हे जाणवलं नव्हतं. आठवडाभर वाट पाहून हातात नववा अंक येतो आणि त्यात बाप-लेकीचा पत्ता एवढाच उघडतो, तेव्हा जाणवतं.

दुसरी तक्रार, सुटे राहिलेले दोरे. हूडेड जस्टिस कोण होता? १९३८ मध्ये रस्त्यावर उतरलेला पहिला मुखवटेवाला, ज्याला बघून बाकीचे सगळे उतरले, तोच माणूस १९५५ मध्ये गायब होतो आणि लेखक खांदे उडवतो? केनेडींच्या खुनाबद्दल ब्लेक जेवणाच्या टेबलावर एक पिंक टाकतो आणि विषय तिथेच संपतो. आणि शेवटी रोर्शाकची ती डायरी! छापली की नाही?

हे सगळं मुद्दाम, की शेवटी पानं कमी पडली? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रद्दीवाला

पहिला नंबर!

पानं कमी पडली नाहीत, उलट जास्त झाली. मूरने स्वतःच मुलाखतीत सांगितलेलं आहे: करार बारा अंकांचा होता आणि कथानक जेमतेम सहा अंकांचं. मग त्याने एक अंक कथानकाचा, पुढचा एका पात्राच्या पूर्वायुष्याचा, अशी साधारण आलटून-पालटून मांडणी केली. तुम्ही ज्यांना यार्डातले अंक म्हणताय ते नेमके हेच. चौथा मॅनहॅटनचा, सहावा रोर्शाकचा, नववा लॉरीचा.

म्हणजे तुमचं निदान बरोबर आहे, रोगाचं नाव चुकलंय. मला विचाराल तर रोग नाहीच. त्या सहा अंकांच्या गोष्टीत खुनी कोण हे सोडून दुसरं काय आहे? ती गोष्ट तशीच छापली असती तर आज तुम्ही धागा काढला नसता.

मीठभाकर

@रद्दीवाला, म्हणजे आमटी चौघांची होती आणि पाहुणे आठ आले, तर पाणी वाढवलं. पाणी छान उकळलेलं होतं हे मान्य, पण पाणी ते पाणीच.

खिडकीतला यांना अनुमोदन. मी सातव्या अंकात दोनदा झोपले आहे. दोन्ही वेळा डॅनचं उडतं यान आर्ची ढगांवर जाईपर्यंतही टिकले नाही.

नऊ_चौकटी

आयडीच असा घेतलाय म्हटल्यावर मला बोलावं लागणार.

वेग म्हणजे फक्त 'काय घडलं' नाही हो. कॉमिक्समध्ये वेग पानावर मोजायचा. गिबन्सने बहुतेक सगळी पानं तीन बाय तीनच्या, नऊ सारख्या चौकटींच्या जाळीवर बसवली आहेत. कुठे दोन चौकटी जोडून एक लांब, कुठे तीन जोडून एक आडवी, पण खाली ठेका तोच. तबलजी जसा मात्रा सोडत नाही. गाणारा कितीही लांब जाऊन येवो, सम कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळत राहतं. त्यामुळे 'गाडी यार्डात' वाटते तेव्हाही खाली घड्याळ चालू असतं. प्रत्येक अंकाच्या शेवटी ते घड्याळ बाराच्या जवळ सरकतं आणि वरून रक्त एकेक बोट खाली येतं, ते उगाच नाही.

आता चौथा अंक. कृपया पहिलं पान पुन्हा काढून बघा. फोटो हातात आहे. बारा सेकंदांनी तो वाळूत टाकणार आहे, असं मॅनहॅटन सांगतो. पुढच्या चौकटीत फोटो वाळूत पडलेला आहे, मग पुन्हा हातात. त्याला भूत-वर्तमान-भविष्य सगळं एकाच वेळी दिसतं, हे तुम्हाला सांगितलं जात नाही, तुमच्याकडून करवून घेतलं जातं. कारण पानावर तुम्हालाही नऊच्या नऊ चौकटी एकदम दिसतातच की! डोळा खाली घसरला की तुम्ही भविष्य बघितलं. हे सिनेमात करता येत नाही आणि कादंबरीतही नाही. घड्याळजी बाप १९४५ मध्ये हिरोशिमाची बातमी वाचून पोराचे सुटे केलेले चक्र-काटे जिन्यातून खाली ओततो, तेही याच अंकात. आणि तुम्ही म्हणता काही घडत नाही.

पाचवा अंक तर आरशासारखा आहे. पहिलं पान आणि शेवटचं पान, दुसरं आणि शेवटून दुसरं, अशी मांडणी एकमेकांची प्रतिबिंबं. बरोबर मध्ये, १४-१५ पानांवर, एड्रियन या माजी मुखवटेवाल्या उद्योगपतीवरचा हल्ला. सलग वाचणाऱ्या माणसाला हे दिसणं कठीण. आठवड्याला एक वाचणाऱ्याला दिसायला हवं होतं. (हलकेच घ्या.)

तिरपागडे

अवांतर: एड्रियनच्या Veidt या आडनावाचा उच्चार 'वाईट' असा होतो. मराठी वाचकाला खुनी कोण हे पहिल्याच अंकात कळायला पाहिजे होतं. बारा अंकांचा काय तो वेग नि काय ते रहस्य.

(वरचं आडनाव रोमनात टंकलं गेलं असेल तर संपादकांनी सुधारावं. मोबाइलवरून लिहितोय.)

मीठभाकर

@तिरपागडे 😂 'जगातला सर्वात हुशार माणूस, श्री. वाईट.' आता पुन्हा वाचताना दुसरं काही ऐकूच येणार नाही.

पण हुशारीवरून आठवलं. दहाव्या अंकातला तो पासवर्ड! नऊ अंक सावकाश, हळुवार, माणसाच्या मनाचे कानेकोपरे वगैरे. आणि मग डॅन वाईटसाहेबांच्या कार्यालयात जातो, टेबलावरचं पुस्तक बघतो, रामसेस टंकतो. यंत्र म्हणतं, अपूर्ण आहे, आणखी काही जोडायचंय का? डॅन 'दुसरा' जोडतो आणि सगळ्या जगाचं कारस्थान उघडं. आमच्या सोसायटीच्या वायफायला यापेक्षा बरा पासवर्ड आहे. वेगाची तक्रार करायची तर इथे करा. इतका वेळ पायी आणलंत आणि शेवटच्या स्टॉपला रिक्षा केलीत.

रद्दीवाला

पासवर्डबद्दल बचाव नाही. पांढरं निशाण.

फक्त एवढंच म्हणेन की वाईटसाहेबांना ते लोक यायलाच हवे होते, असा एक अर्थ लावता येतो. ज्याने स्वतःवर भाड्याचा मारेकरी घालून घेतला आणि त्याच्याच तोंडात विषाची कुपी कोंबली, तो पासवर्ड सोपा ठेवणार नाही कशावरून? पण हा अर्थ मी लावतोय, पुस्तकात नाही.

कोकणकडा

हूडेड जस्टिसबद्दल लिहितो, कारण धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे आणि सगळे पासवर्डात अडकलेत.

पहिल्या तीन अंकांच्या मागे हॉलिस मेसन या जुन्या मुखवटेवाल्याच्या आत्मचरित्राची पानं आहेत. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. बरेच लोक ती वगळतात आणि मग विचारतात उत्तर कुठे आहे. (खिडकीतला, तुम्ही वगळली होतीत ना? खरं सांगा.) तिथे मेसन सांगतो: सरकारने मुखवटेवाल्यांना चौकशीपुढे खरी ओळख सांगायला लावली, तेव्हा हूडेड जस्टिसने नकार दिला आणि नाहीसा झाला. त्याच सुमाराला रॉल्फ म्युलर नावाचा सर्कशीतला पहिलवान बेपत्ता झाला. पुढे बॉस्टनच्या किनाऱ्याला एक कुजलेलं प्रेत लागलं, डोक्यात गोळी. तो म्युलर असावा असं म्हणतात. मेसनही छातीठोकपणे सांगत नाही, फक्त बांधा जुळतो म्हणतो.

मग थेट अकराव्या अंकात एड्रियन त्याच प्रकरणाला हात लावतो. तरुणपणी त्याने हा शोध घेतलेला. त्याला कळतं की सरकारने हूडेड जस्टिसला शोधायला ब्लेकलाच लावलं होतं आणि ब्लेकने 'सापडला नाही' असा अहवाल दिला होता. ब्लेकला त्याच्यावर जुना राग होता, सॅलीच्या (लॉरीच्या आईच्या) प्रसंगात, ब्लेकने तिच्यावर हात टाकला तेव्हा, त्याच माणसाने ब्लेकला तुडवलं होतं. मग ब्लेकने त्याला गाठून संपवलं आणि वर अहवाल दिला की काय? जगातला सर्वात हुशार माणूस यावर म्हणतो की मला काहीच सिद्ध करता येत नाही.

हे वाक्य महत्त्वाचं आहे, राव. हा तोच माणूस आहे जो त्याच अंकात सांगतो की कारस्थान पस्तीस मिनिटांपूर्वीच उरकलंय. त्याला सगळं येतं, हे एक येत नाही. तुम्ही म्हणता लेखकाने खांदे उडवले. मी म्हणतो, लेखकाने दोन साक्षीदार उभे केले, दोघांचे जबाब नोंदवले आणि निकालाचं पान कोरं ठेवलं. खऱ्या इतिहासात असंच असतं. गावाकडे आमच्या घराण्यात एक चुलत आजोबा १९४२ नंतर घरी परतले नाहीत. दोन माणसं दोन गोष्टी सांगायची. दोघंही गेली. आता विचारणार कोणाला?

खिडकीतला_वाचक (धागाकर्ता)

@कोकणकडा, पकडलंत. पहिल्या वाचनात मागची पानं वगळली होती. या वेळी वाचली, पण तिसऱ्या अंकातलं म्युलर प्रकरण अकराव्यापर्यंत डोक्यातून गेलं होतं. आठवड्याला एक वाचण्याचा हा तोटा. एड्रियन बोलत होता तेव्हा मला वाटलं हे काहीतरी नवीनच काढलंय.

नऊ_चौकटी, पाचवा अंक काढून बसलो. खरंच आहे हो. लाज वाटली.

पण माझा मुद्दा तरी उरतोच. एक धागा उघडा ठेवणं आणि वाचकाला वाऱ्यावर सोडणं यात फरक काय? उत्तर लेखकाला माहीत होतं आणि त्याने राखून ठेवलं, की माहीतच नव्हतं?

सायंशाखा

माझी दोन पैशांची भर. लेखकाने उत्तर दिलं नाही की काय होतं ते आपण बघितलंच आहे: दुसरे देतात. २०१२ मध्ये मूळ प्रकाशक डीसीने मूरशिवाय 'बिफोर वॉचमेन' काढलं, त्यात डार्विन कुकच्या 'मिनिटमेन'मध्ये हूडेड जस्टिसचा एक शेवट आहे. २०१९ मध्ये एचबीओची मालिका आली, डेमन लिंडलॉफची, नऊ भागांची. तिथे दुसराच माणूस निघाला: विल रीव्हज, न्यूयॉर्कमधला कृष्णवर्णीय पोलीस, लहानपणी टल्सा शहरातल्या १९२१ च्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडातून वाचलेला. दोन्ही उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

मालिकेचं उत्तर मला आवडलं, कारण ते कॉमिकमधल्या एका गोष्टीकडे बोट दाखवतं जी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. हूडेड जस्टिसच्या गळ्यात फास आहे! १९८६ पासून आहे. आपण सगळ्यांनी तो वेशभूषा म्हणून बघितला. फाशी देणाऱ्या जल्लादाची ऐट, बास. मालिकेने विचारलं की अमेरिकेत १९३८ साली गळ्यात दोर घेऊन फिरणारा माणूस कोण असेल, आणि त्याला झाडाला कोणी लटकवलं असेल? सहाव्या भागात ते दिसतं तेव्हा मी टीव्ही थांबवून उठून पाणी प्यायले.

मूरने जागा बुजवली असती तर हे घडलंच नसतं.

कोकणकडा

सायंशाखाताई, भाग जबरदस्त आहे यात वाद नाही. पण मेसनच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की हूडेड जस्टिस हिटलरच्या राजवटीबद्दल उघडपणे चांगलं बोलायचा. विल रीव्हजच्या तोंडी ते बसवून दाखवा. मालिकेला हवं तेवढं उचलायचं आणि नको ते मेसनच्या गैरसमजावर ढकलायचं.

आणि हीच माझी भीती. कोरं पान दिसलं की लोक त्यावर सही करायला धावतात.

सायंशाखा

काका, मेसनच्या पुस्तकातलं सगळं खरं धरायचं तर म्युलरही खरा धरावा लागेल. तुम्हीच म्हणालात ना, तो छातीठोकपणे सांगत नाही? सोयीने साक्षीदार बदलू नका. 🙂

मेसनने त्याला मुखवट्याशिवाय कधी बघितलंच नाही. मुखवट्याआडचा माणूस गोऱ्या सहकाऱ्यांसमोर काय बोलेल आणि काय मनात ठेवेल, हेच तर त्या भागाचं म्हणणं आहे.

कोकणकडा

भावना पोचल्या. उत्तर पटलेलं नाही, पण विचार करतोय.

चहाबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

वेगाबद्दल एक. 'वॉचमेन'चा पुढचा भाग म्हणून काढलेलं 'डूम्सडे क्लॉक' कोणी अंकागणिक वाचलंय का? जेफ जॉन्स आणि गॅरी फ्रँक. तेही बारा अंक, तीच नऊ चौकटींची जाळी. नोव्हेंबर २०१७ ला सुरू झालं आणि डिसेंबर २०१९ ला संपलं. दोन वर्षं! मी अंक निघेल तसा वाचत होतो. दर वेळी मागचा अंक पुन्हा काढायला लागायचा आणि शेवटी शेवटी तर कोण कोणाच्या बाजूने आहे तेही आठवेना. जाळी तीच, पण ठेका कुठे? चौकटी नऊ काढल्या म्हणून कोणी गिबन्स होत नाही, एवढंच सांगायचंय.

उलट 'वॉचमेन'लाही उशीर झालाच होता. अकरावा ऑगस्ट १९८७ चा, बारावा ऑक्टोबरचा, मध्ये सप्टेंबर गायब. विचार करा: 'पस्तीस मिनिटांपूर्वीच उरकलं' या वाक्यानंतर पेपरवाला बर्नार्ड आणि ते फुकटात कॉमिक वाचणारं पोरगं एकमेकांना बिलगतात, पान पांढरं होत जातं, आणि मग वाचक दोन महिने हवेत. दोघांचं नाव एकच आहे हे त्यांना कळून दोन मिनिटंही झालेली नसतात.

नऊ_चौकटी

@चहाबाज, +१. आणि त्या दोन महिन्यांनंतर बारावा अंक उघडला की पहिली सहा पानं सहा चित्रं. पूर्ण पानाची. संवाद नाहीत. ठेका एकदम बंद. प्रेतं, काच, घड्याळ, आणि सगळ्यावर पसरलेलं, एड्रियनने शहरावर सोडलेलं ते राक्षसी धूड. अकरा अंक ज्याने एकेक मात्रा मोजून दिली तो अचानक हात उचलतो. शांतता ऐकू येते.

आता मला सांगा, चौथा-सहावा-नववा हे अंक नसते, तर त्या कोपऱ्यावर मेलेला मानसोपचारतज्ज्ञ कोण, त्याची बायको कोण, हे तुम्हाला माहीत असतं का? शाईचे डाग दाखवणारा तो कंटाळवाणा डॉक्टर तिथे पडलाय. म्हणून पोटात खड्डा पडतो.

मीठभाकर

बरं बाई, सहावा माफ. सातवा नाही.

डायरीबद्दल कोणी बोललंच नाही.

रद्दीवाला

डायरी हा सुटलेला दोरा नाहीच, ती गाठ आहे. रोर्शाक दहाव्या अंकात ती 'न्यू फ्रंटियर्समन' या पेपरच्या टपालपेटीत टाकतो. बाराव्याच्या शेवटच्या पानावर तिथला संपादक वैतागून हाताखालच्या सीमोरला सांगतो, पान भर, काय घ्यायचं ते तू ठरव. सीमोरच्या टी-शर्टवर हसरा चेहरा, त्यावर केचपचा डाग, आणि हात भलत्यासलत्या पत्रांच्या ढिगाकडे. संपलं. पहिल्या पानाच्या पहिल्या चौकटीत गटाराजवळ पडलेला तोच हसरा चेहरा होता, त्यावर रक्त. म्हणजे गोष्ट जिथून निघाली तिथे परत आली. छापलं की नाही हे विचारणं म्हणजे नाणं हवेत असताना छाप की काटा विचारणं. आणि छापलं तरी 'न्यू फ्रंटियर्समन'वर विश्वास कोण ठेवणार? तो पेपर आठव्या अंकाच्या मागे वाचायला दिलाय. वाचा एकदा.

खिडकीतला_वाचक (धागाकर्ता)

वाचला. विश्वास ठेवणारे निघतील हो. आजकाल तर नक्कीच.

माझा संथपणाचा आरोप निम्मा मागे घेतो. हूडेड जस्टिसचा नाही. कोकणकडा, तुमच्या आजोबांच्या गोष्टीनंतर तो आरोप करणं जरा अवघड झालंय, पण ते माणूस होते आणि हा कागदावरचा. कागदावरच्याला कोणीतरी निर्माण केलेलं असतं, आणि त्याला विचारता येतं.

दुपारची_शाळा

उशिरा आले. माझी भाची, वय १६, मुंबईहून सुट्टीला आलीय आणि माझ्या कपाटातून 'वॉचमेन' काढून बसलीय. दिवसाला एक अंक, असा तिचाच नियम. मी एक शब्द बोललेले नाही.

आत्ता तिने पाचवा संपवला. शेवटी पोलीस रोर्शाकचा मुखवटा ओढतात ना, तिथे थांबली. बराच वेळ तो लाल केसांचा चेहरा बघत होती. मग काही न बोलता पुस्तक उलटं फिरवून पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर गेली. तिथे फुटपाथवरच्या रक्तातून पाय उमटवत, 'अंत जवळ आला' अशी पाटी घेऊन कोणीतरी चाललेलं आहे. बोट ठेवून म्हणाली, "मावशी, हा इथेच होता?"

मग दुसरा अंक काढला, कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर पुन्हा पाटी. तिसऱ्यात पेपरच्या टपरीवर पुन्हा. सध्या पेन्सिल मागतेय, मोजायला. दिली नाहीये, पुस्तक महाग आहे. चिकटपट्ट्या दिल्यात.